एकशे पाचवरचा उजेड

मुलाच्या लग्नाला चार दिवस उरले असताना हाज्जा झोलीखा केल्तूमच्या फोटोच्या दुकानात आली ती भांडायच्या तयारीनंच. बगलेत दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचा अल्बम होता. तो तिनं काउंटरवर आपटला, मधलं पान उघडलं आणि नवरीच्या बाजूच्या काळ्या भागावर बोट ठेवलं.

"हे काय आहे, केल्तूम?"

"नवरी आहे."

"नवरी दिसते मला. तिच्या बाजूला काय आहे? विहीर?"

"पाहुण्या आहेत, हाज्जा."

"मग दिसत का नाहीत?"

"दिसू नयेत म्हणून तर मला बोलावतात," केल्तूम म्हणाली आणि अल्बम मिटून तिच्याकडे सरकवला.

गेली पंधरा वर्षं केल्तूम त्लेमसेन गावात बायकांच्या लग्नांचे फोटो काढत होती. बायकांच्या हॉलमध्ये पुरुष नसतो, दाराशीसुद्धा बाईच बसते. म्हणून आत आल्या की बायका रुमाल आणि जुब्बे खुंटीला टांगतात, केस मोकळे सोडतात, दंड उघडे टाकून घाम फुटेपर्यंत नाचतात. फोटो मात्र हॉलमध्ये राहत नाहीत. अल्बम घरोघर फिरतो, दिरांच्या हातात पडतो, दिरांच्या मित्रांच्या हातात पडतो. अशा अल्बमात जिचा उघडा दंड सापडला तिला पुढं वर्षभर घरात कुणी सुखानं दोन घास खाऊ देत नाही. बाकीच्या फोटोवाल्या दर फोटोला ओरडायच्या, बायांनो, बाजूला व्हा. केल्तूम कुणाला बाजूला करत नसे. ती लाइट बारीक करायची.

तिचा फ्लॅश कॅमेऱ्यावर नसायचा. मंचाच्या एका कोपऱ्यात, माणसापेक्षा उंच स्टँडवर तो बसायचा, आणि कॅमेऱ्यावरची रेडिओची डबी त्याला लांबून उडवायची. फ्लॅशच्या डोक्यातला दिवा बटण दाबलं की आत-बाहेर सरकतो. पाठीवरच्या खिडकीत चोवीस आकडा आला की उजेड भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरतो, आणि एकशे पाच आला की तोच उजेड एका सतरंजीएवढ्या जागेत गोळा होतो. त्या सतरंजीवर नवरी. सतरंजीबाहेर नाचणाऱ्या शंभर बाया असल्या तरी फिल्मला त्या दिसत नाहीत. हाच फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला तर तो भिंगाकडे बघून आपला आकडा आपणच बदलतो. स्टँडवर लांब उभा केला की त्याला काही कळत नाही, शेवटचा जो आकडा दिला तो धरून बसतो. दुसरं कुणी सांगेपर्यंत.

"नऊ झुंबरं आहेत त्या हॉलला," हाज्जा म्हणाली. "नऊ. सबंध गावात दुसरा असा हॉल नाही. आमच्या मोठ्या खोलीत सोफ्याच्या वर चौकट आत्ताच लावून ठेवलीय, सोनेरी, दाराएवढी. तिच्यात विहीर लावू का मी?"

"पुरुष येताहेत अशी हाक आली की उघडते ना लाइट. तेव्हा सगळ्या झाकलेल्या असतात. चोवीसवर टाकते. झुंबरं, पडदे, काय हवं ते घ्या. हाक यायच्या आधी नाही."

"हाक आली की माझा मुलगा येणार, त्याचे दोस्त येणार, सगळ्यांच्या पाठी येणार फोटोत."

"त्याला मी काय करू?"

हाज्जानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "आणि हाक कोण देतं?"

"मुलाची आई देते. तुम्हीच."

"बरं," हाज्जा म्हणाली, आणि इतक्या सहज उठून गेली की केल्तूमला वाटलं, चला, बाई समजूतदार निघाली.

लग्नाच्या दिवशी दुपारीच हॉल भरला. नवरी बदिया सकाळपासून एकामागून एक पोशाख बदलत होती, आणि आता शेवटचा, शद्दा, अंगावर चढवून मंचावर येऊन बसली होती. शद्दा म्हणजे त्लेमसेनच्या नवरीचं सारं काही. जरीचा झगा, छाती झाकून खाली उतरणाऱ्या मोत्यांच्या माळांवर माळा, डोक्यावर सोनेरी शंकू. एवढ्या ओझ्याखाली मुलगी नीट हसूही शकत नाही. बदियाच्या अंगावरचे मोती तिच्या आजीचे होते, आणि ती मान न हलवता नुसते डोळे फिरवत होती.

केल्तूम स्टँडपाशी स्टुलावर चढून आकडा तपासत होती तेव्हा खालून कुणीतरी तिच्या झग्याचं टोक ओढलं. गनिया होती. बदियाची लहानपणची मैत्रीण, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला होता आणि तेव्हापासून ती दर लग्नात खुर्चीत बसून टाळ्या वाजवायची, उठायची नाही. सासरचे तिच्या आठ वर्षांच्या मुलाला आपल्याकडे न्यायला निमित्तच शोधत होते. बाई चांगल्या चालीची नाही, एवढं कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना हवं होतं. आणि गनियाचा थोरला दीर हाज्जाच्या नवऱ्याचा जिवलग, रोज संध्याकाळी त्यांच्या मोठ्या खोलीत पत्ते खेळायला बसणारा.

"केल्तूम, बदिया ऐकत नाहीये. म्हणते, तू नाचली नाहीस तर मी हॉलमधून उठणार नाही."

"मग नाच की."

"लाइट बारीक आहे ना?"

केल्तूमनं फ्लॅशची पाठ तिच्याकडे वळवली. हिरव्या खिडकीत एकशे पाच होतं. "बघ. तुझ्या डोळ्यांनी बघ. तू मंचापासून दोन हात लांब राहा, तुझी सावलीसुद्धा येणार नाही. माझी जबान."

गनियानं आकडा वाचला. गणिताची बाई, ती आकड्यावर विश्वास ठेवायची. पण लगेच उठली नाही, गाणारणींचं आणखी एक गाणं बसूनच काढलं.

तेवढ्यात दाराकडून हाज्जाचा आवाज आला. "झाकून घ्या गं. माणसं येताहेत."

हॉलमध्ये एकच धांदल उडाली. जिच्या हाताला जो रुमाल लागला तो डोक्यावर गेला, गाणारणींनी डफ मांडीवर पालथे घातले. केल्तूम स्टुलावर चढली, आकडा चोवीसवर आणला. उजेड पसरला की पातळ होतो, म्हणून ताकद पूर्ण वाढवली. मग खाली उतरून कॅमेरा घेऊन दाराकडे तोंड करून उभी राहिली, बाकी सगळ्यांसारखीच.

कुणी आलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणीतरी म्हणालं, गाडी बिघडली असेल. कुणी म्हणालं, नवरदेव पळाला असेल, आणि हशा पिकला. ऑगस्टचा उकाडा, पंखे नावाला फिरत होते, रुमालांखाली बायका उकडून निघाल्या. मग गाणारणींतली थोरली म्हणाली, येतील तेव्हा येतील, आपण का मरायचं, आणि तिनं डफावर थाप मारली. रुमाल एकेक करून खांद्यावर आले, खुर्च्यांवर गेले. गनिया उठली. केस सोडले. मंचापासून दोन हात लांब उभी राहिली आणि नाचायला लागली.

ती अशी नाचली की बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. बदियाला डोक्यावरचं ओझं विसरायला झालं, ती मैत्रिणीकडे बघून खळखळून हसली, मोती एकमेकांवर वाजले. केल्तूम तो चेहरा सोडणारी बाई नव्हती. तिनं कॅमेरा वळवला आणि एकामागून एक फोटो घेतले. एकदोनदा तिला वाटलं, फ्लॅश आज भरायला वेळ लावतोय, दर फोटोनंतर मच्छरासारखा गुणगुणतोय. सेल उतरले, ती मनात म्हणाली, आणि सेल विकणाऱ्याला एक शिवी दिली. एवढं झालं. आकडा बघायला ती स्टुलावर चढली नाही.

पाऊण तासानं पुन्हा हाक आली, पुन्हा रुमाल चढले, आणि या वेळी नवरदेव खरंच आला. सोळा दोस्त घेऊन आला आणि पाच मिनिटांत नवरीला घेऊन गेला. फोटोत सोळा पाठी आल्या.

बायकांच्या लग्नाची फिल्म केल्तूम लॅबमध्ये देत नसे. गावात दोन लॅब होत्या आणि दोन्हींत पुरुष. ती दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतः धुवायची, पाण्याच्या टबात थर्मामीटर लावून, आणि पहिले नमुना-फोटोही तिथंच काढायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं चौथी फिल्म दोरीवर वाळत घातली आणि तिसरी काचेच्या दिव्यावर ठेवली. निगेटिव्हवर अंधार म्हणजे नुसती कोरी फिल्म. केल्तूमच्या निगेटिव्हवर नवरीच्या भोवती नेहमी कोरी फिल्म असायची, खिडकीच्या काचेसारखी आरपार दिसणारी. अकराव्या फोटोपासून कोरी फिल्म नव्हती. काठापर्यंत माणसं होती.

तिनं भिंग लावलं. गनिया. हात वर, दंड उघडे, केस तोंडावर. पुढचा फोटो. गनिया. पुढचा. गनिया, आणि मागं आणखी सात बायका. अकरापासून तेवीसपर्यंत तेरा फोटो, आणि झुंबरंही तेवढीच स्वच्छ, नऊच्या नऊ.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी स्वतःवर. पंधरा वर्षं बायकांना आकडा दाखवून शपथा घालायच्या, आणि उघडलेला लाइट मिटायला विसरायचं. फ्लॅश ओरडून ओरडून सांगत होता की मी पूर्ण ताकदीवर आहे. एकशे पाचवर तो चौथाई ताकदीत झटकन भरतो, गुणगुणत नाही, हे तिला झोपेतही ठाऊक होतं, आणि तिनं दोष दिला सेलला. तिनं फिल्म धुवायचा डबा घासायला घेतला. तो स्वच्छ होता, तरी घासला. तिसऱ्यांदा घासताना तिचा हात थांबला.

पाऊण तास. नवरदेवाचं घर हॉलपासून गाडीनं सात मिनिटांवर. पोरगा आला तेव्हा घामेजलेला नव्हता, घाईत नव्हता, उशीर झाला असं कुणाला म्हणालाही नव्हता. मग पहिली हाक कुणी आणि कशासाठी दिली? आणि आणखी एक गोष्ट तिला आठवली. रुमाल उतरले, नाच सुरू झाला, तेव्हा हाज्जा दारातून हलली होती ती थेट मंचासमोर येऊन बसली होती. तोंडातून ब्र काढला नव्हता तिनं. माणसं येताहेत म्हणून सांगणारी बाई माणसं आली नाहीत म्हणून एकदाही दाराकडे बघत नव्हती.

"तुझ्या त्या चौकटीला आग लागो," केल्तूम मोठ्यानं म्हणाली. डब्याशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

आता पेच असा होता. केल्तूमचे दोन नियम होते आणि सगळं गाव त्या दोन नियमांवर तिला बोलवायचं. पहिला, पाहुणी उजेडात येणार नाही. दुसरा, निगेटिव्ह एकही मागं राहणार नाही. अल्बमबरोबर ती सगळ्या फिल्म घराच्या हातात द्यायची, समोर बसून मोजून. छत्तीस गुणिले जेवढ्या असतील तेवढ्या. एक जरी कमी भरली तर लोक काय म्हणणार ते उघड होतं. आमच्या बायकांचा फोटो हिनं ठेवून घेतला. तेरा निगेटिव्ह दिल्या तर गनिया गेली. नाही दिल्या तर केल्तूम गेली.

नुसता अल्बममध्ये लावला नाही, एवढ्यानं भागणार नव्हतं. निगेटिव्ह एकदा हाज्जाच्या कपाटात गेली की ती कोपऱ्यावरच्या लॅबमधून दाराएवढा फोटो करून आणणार होती. आणि खाली सोफ्यावर पत्ते पिसत गनियाचा दीर बसणार होता.

दुपारी केल्तूम गनियाच्या घरी गेली. खोटं सांगायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही, वाटेतल्या चढावर दोनदा आला. पण दारात गनियाचा चेहरा दिसला आणि तिनं सरळ सांगून टाकलं. गनिया पिठाच्या हातांनीच उभी राहिली.

"आकडा दाखवलास मला," ती म्हणाली. "मी वाचला होता."

"मी नंतर बदलला. परत फिरवायला विसरले."

"विसरलीस." गनियाचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. "दूध उतू गेलं तर म्हणतात विसरले. दोन वर्षं मी घरात गुणगुणले नाही, केल्तूम. भिंतीपलीकडे सासू असते म्हणून. एक दिवस, एक दिवस म्हटलं. आणि तू विसरलीस."

"मला काय बोलायचं ते बोल. आधी हे बघ." केल्तूमनं पिशवीतून निगेटिव्ह काढल्या.

गनियानं हात पुसले आणि पहिली पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात. बराच वेळ ती बघत राहिली.

"म्हातारी दिसते मी," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "खरंच नाचत होते की गं."

"खूप छान नाचलीस."

"गप. तू बोलू नकोस." ती पुढच्या फोटोवर गेली, त्याच्या पुढच्या. एका फोटोपाशी थांबली. त्यात ती आणि बदिया दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. "हा एक ठेवता येईल का? नाही. नाही येणार." तिनं स्वतःच उत्तर दिलं. "कात्री आण. ती तिथं, शिवणाच्या डब्यात."

"थांब. बदियाचा शद्दातला हसरा चेहरा या तेरांतच आहे. दुसरीकडे नाही. ह्या एकातून तेवढाच काढते, पोस्टकार्डाएवढा. तू येणार नाहीस त्यात, बोटभरसुद्धा नाही. तेवढा काढते आणि परत आणून तुझ्या हातात देते. मग काप."

गनिया हसली, पण बरं वाटावं असं हसली नाही. "पुन्हा जबान देतेस?"

"नाही. तू चल माझ्याबरोबर. माझ्या खोलीत बस, माझ्या हाताकडे बघत बस."

ती आली. मागच्या खोलीत लाकडी स्टुलावर तासभर बसली, आणि केल्तूमचे हात कुठं जातात ते अंधारातही कान देऊन ऐकत राहिली. फोटो वाळला. बदियाचा चेहरा, कुणाकडे तरी बघून हसणारा, गळ्यापर्यंत मोती. मग गनियानं कात्रीनं तेरा निगेटिव्हचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, आणि मागच्या अंगणात कोळशाच्या शेगडीत टाकले. घाणेरडा वास सुटला. शेजारीण भिंतीवरून डोकावली, काय जाळताय म्हणाली.

"कचरा," गनिया म्हणाली. जाताना तिनं केल्तूमकडे वळून पाहिलं नाही. ते केल्तूमनं आपलं भोगणं म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केल्तूम नवी फिल्म घालून त्या नऊ झुंबरांच्या हॉलमध्ये गेली. फरशी पुसणाऱ्या बाईला म्हणाली, झुंबरं लाव, सगळी. बाईनं लावली. केल्तूमनं स्टँड त्याच कोपऱ्यात उभा केला, स्टुलावर चढून आकडा चोवीसवर आणला, ताकद पूर्ण. आणि रिकाम्या हॉलचे तेरा फोटो काढले. रिकाम्या खुर्च्या, रिकामा मंच, खुंट्यांची रांग, पुसणाऱ्या बाईची बादली. दर फोटोनंतर फ्लॅश गुणगुणत राहिला. या वेळी ती प्रत्येक वेळी ऐकत होती. त्यातला एक फोटो तिनं मोठा केला. दाराएवढा.

सातव्या दिवशी हाज्जाच्या मोठ्या खोलीत सगळं मांडलं गेलं. पाण्याला संत्र्याच्या फुलांचा वास, ताटात मक्रूतच्या खजूर भरलेल्या वड्या, सोफ्याच्या वर ती सोनेरी चौकट, अजून रिकामी, काचेतून नुसती पिवळी फळी दाखवणारी. बदिया नव्या सुनेसारखी गुडघे जुळवून बसली होती. मोठ्या खोलीत आज बायका, म्हणून पुरुष शेजारच्या खोलीत बसले होते आणि तिथून पत्त्यांचा आवाज येत होता.

"मोजा," केल्तूम म्हणाली.

हाज्जानं मोजल्या. एकशे चव्वेचाळीस भरल्या. मग तिनं शेवटच्या पट्ट्या दिव्यासमोर धरल्या आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "हे काय? ह्यात माणूसच नाही."

"तुम्हाला झुंबरं हवी होती. ही झुंबरं."

"आणि शद्दातले फोटो? लाइट उघडला होतास तेव्हाचे? मी बघत होते, तू घेत होतीस."

"घेतले होते. तेरा. जाळले."

हाज्जाच्या हातातली पट्टी खाली आली. "जाळले? कुणाला विचारून?"

"कुणाला विचारून तुम्ही हाक दिलीत, हाज्जा?"

केल्तूमला वाटलं होतं, बाई कानांवर हात ठेवेल, म्हणेल मला वाटलं गाडी वाजली. हाज्जानं तसलं काही केलं नाही.

"मग काय करायचं होतं मी? तू लाइट उघडत नव्हतीस. पाच मिनिटांचं काम होतं. झाकलेल्या होत्या सगळ्या. नंतर त्यांनी रुमाल काढले ते काय मी काढले?"

"काढले तेव्हा तुम्ही समोर बसला होतात. एक शब्द बोलला असतात, तर मी मिटला असता."

"अगं, चेहरे केवढे आले असते? मुंगीएवढे. कोण ओळखतंय? आणि नाचणाऱ्या त्यांच्याकडच्या होत्या." हाज्जानं हनुवटीनं सुनेकडे दाखवलं. "माझ्या घरच्या बायका खुर्चीत बसून होत्या."

केल्तूमला त्या ताटातलं मक्रूत उचलून तिच्या तोंडात कोंबावंसं वाटलं. बोट दाखवत ती उभी राहिली. "चूक माझी झाली. आकडा मी बदलला, मी विसरले, आणि हे मी गावात प्रत्येकीला सांगणार आहे, तुम्ही सांगायच्या आधी. मला बोलवायचं नसेल तर लोकांनी बोलवू नये. पण चूक कशी झाली तेही सांगणार आहे. कुणी हाक दिली ते. पुढच्या लग्नात तुम्ही झाकून घ्या म्हणालात तर दाराशी जाऊन खरंच कुणी आलंय का ते बघितल्याशिवाय एक तरी बाई रुमाल घेईल का, तेवढं मला बघायचंय."

"पोरी, आवाज खाली. पलीकडे माणसं आहेत."

"या वेळी खरंच आहेत," केल्तूम म्हणाली.

बदिया इतका वेळ मान खाली घालून होती. आता तिनं केल्तूमकडे पाहिलं. "त्यात गनिया होती?"

"होती. सगळ्यांत."

"तिला माहितेय?"

"तिनंच कापले." केल्तूमनं पाकिटातून तो पोस्टकार्डाएवढा फोटो काढून बदियाच्या हातात दिला. "एवढाच राहिला. निगेटिव्ह नाही याची, मोठा होणार नाही."

बदियानं स्वतःचा चेहरा पाहिला. आपण कुणाकडे बघून हसतोय ते कळायला तिला वेळ लागला नाही. तिनं तो फोटो झग्याच्या आत सरकवला, मग उठली, आणि काउंटरवरची मालकीण उठते तशी शांतपणे केल्तूमनं आणलेली मोठ्या फोटोची गुंडाळी उलगडली. रिकामा हॉल. नऊ झुंबरं, लख्ख. तीनशे खुर्च्या.

"लल्ला," ती सासूला म्हणाली, अगदी गोड, सात दिवसांच्या सुनेनं बोलावं तसं, "किती सुंदर आलाय हॉल. चौकटीच्या मापाचाच आहे. मी लावते."

"ठेव ते खाली."

पण ती सोफ्यावर चढली होती. चौकट पुढं कलती करून तिनं मागची फळी काढली, फोटो आत सरकवला, फळी बसवून चार खिळे बोटानं दाबले, चौकट परत भिंतीला टेकवली आणि ओल्या फडक्यानं काच पुसली. हाज्जा हात वर करून थांबवणार, एवढ्यात आवाजानं की काय, शेजारच्या खोलीचं दार उघडलं. हाज्जाचा नवरा, सी मेझियान, हातात पत्ते तसेच धरून आत आला. त्याच्या खांद्यामागून गनियाचा दीर डोकावला. बायकांनी रुमाल सावरले.

सी मेझियाननं चष्मा वर ढकलून चौकटीकडे पाहिलं. दीरानंही पाहिलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, खुंट्यांच्या रांगेवरून, बादलीवरून, काहीतरी सापडावं अशा नजरेनं.

"हॉल छान आहे," सी मेझियान म्हणाला. "पण हे काय, लग्नाला कुणीच आलं नव्हतं का?"

केल्तूम पिशवी आवरत होती ती थांबली. बदिया सोफ्यावरून खाली उतरली आणि फडकं घडी करत सासूकडे बघत राहिली. उत्तर सासूनं द्यायचं होतं. हाज्जा झोलीखा एकशे चव्वेचाळीस निगेटिव्ह मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिनं पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला.